शब्द टाकणारी न्हावऱ्यात, उत्तर देणारा दौंडात

प्रिय आक्का,

रविवारी सकाळी दाजी येणार हायेत, मनूला कायमची न्यायला. आज शुक्रवार. हो म्हणायचं का न्हाई, ते आबांनी माझ्यावर टाकलंय, आन् माझं डोकं चालंना झालंय. म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला विचारू? पोरगी तुझी हाय!

तू गेल्यापासनं मी तुला एक ओळ लिहिली न्हाई. मासिकांना लिहितो, ते परत पाठवत्यात, मी पाकीट बदलून दुसरीकडं पाठवतो. पण तिथली भाषा तुझ्यापुढं जमत न्हाई. घरात बोलतो तसंच लिहितो. चुका काढू नकोस. काढशीलच म्हणा! लाल पेन घेऊनच गेली असशील तू.

तुला आठवतंय का, शिरूरला कॉलेजात होतो तवा मी नुसत्या नामांची कथा लिहिली होती? अख्ख्या कथेत एक क्रियापद न्हवतं. बाजार. कांदा. गोणी. हमाल. घाम. मला वाटलं, असं मराठीत कुणाच्या बापानं केलं नसंल. तू दौंडवरनं आली होतीस. तान्ह्या ओमला मांडीवर थोपटत वाचलंस आन् म्हणलीस, "बाळ्या, ह्यात कोण काय करतंय का? का नुसती सगळी उभी हायेत, एस्टीची वाट बघत?"

मी त्या दिवशी जेवलो न्हाई. आज मात्र मी त्या नामांसारखाच उभा हाय बघ.

तुझा क्लास अजून माझ्या कानात वाजतो. दौंडची तुमची ती पुढची खोली, दिवेलागणीची वेळ, आन् खोलीभर पोरं. रेल्वे क्वार्टरातली काही घरी तमिळ बोलणारी, काही हिंदी, बाकीची आपली. सगळ्यांची भाषा वेगळी आन् इंग्रजी सगळ्यांचीच बोंब! तू एकाला उठवायचीस आन् भिंतीकडं तोंड करून उभं करायचीस. त्यानं एकवचन टाकायचं, मागं बसलेल्या सगळ्यांनी अनेकवचन द्यायचं.

"बॉक्स!"

"बॉक्सेस!"

"लीफ!"

"लीव्हज!"

"टूथ!"

"टीथ!" आन् सगळी पोरं दात दाखवायची.

मी तुला विचारलं होतं, शिक्षा केल्यासारखं भिंतीकडं तोंड कशाला? तू म्हणलीस, "अरे, लाजरं पोरगं माणसाशी बोलायला लाजतं, भिंतीशी बोलायला लाजत न्हाई. आन् पाठीमागनं एवढी पोरं एकदम ओरडली की त्याला कळतं, आपण एकटं न्हाई."

त्या घोळक्यात ओम पण बसायचा. धड बोलता येत न्हवतं, पण उत्तर द्यायची घाई सगळ्यात जास्त. त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली होती, शब्दाला शेवटी 'एस' लावायचा. चाइल्ड म्हणा का माउस म्हणा, हा मुठी आवळून ओरडायचा, "एस!" मी दारात आलो की, "मामाएस!" मामा एकच होता त्याला, तरी!

आन् आबांचं? तू सुट्टीला आली होतीस, मनूकडनं ओसरीवर शब्द घोकून घेत होतीस. शीपचं अनेकवचन शीपच, बदलत न्हाई, असं तू सांगितलंस. आबा खाटेवर तंबाखू मळत होते. ते थांबले.

"एक मेंढरू आन् खांडभर मेंढरं, दोन्हीला एकच शब्द?"

"व्हय आबा."

"मग त्यांचं एखादं हरवलं तर त्यांना कळायचं कसं?"

तू हसून हसून लोळलीस. आबांना मेंढरांचं खांड मोडून, ऊस लावून कितीतरी वर्षं झालीत, पण अजून कुणाचं खांड रस्त्यानं गेलं की ते उठून बघत बसत्यात. मोजत न्हाईत. नुसतं बघत्यात आन् म्हणत्यात, "ह्यातलं एक लंगडतंय." त्यांना घोळका दिसतच न्हाई. एकेक दिसतं.

तू हरवलीस ते मात्र त्यांना पण आधी कळलं न्हाई. कसं कळणार? तू सांगितलंस का? दर आठवड्याला पीसीओवरनं फोन करायचीस, "मी बरी हाय, आईला सांग काळजी करू नको." पीसीओवर डोळ्यांचा रंग दिसतो व्हय गं, आक्का? डोळे हळदीसारखे पिवळे झाले तरी तू क्लास घेत होतीस. पोरांची परीक्षा होती म्हणे! मला याचा अजून राग येतो. लई राग येतो. कावीळ डोक्यात चढल्यावर आम्हाला निरोप आला. मी पोचलो तवा तू मला ओळखलं न्हाईस. माझ्याकडं बघून तू कुणाला तरी 'लीव्हज' शिकवत होतीस.

तुझ्या तेराव्याला काय झालं ते तुला कुणी सांगितलंय का? मी सांगतो. जेवणं झाली, जाजमावर चार मोठी माणसं बसली आन् सुपारी कातरता कातरता तुझी पोरं वाटली. दाजींचे चुलते म्हणले, "पोरगा घराण्याचा, तो हितं राहील. पोरगी आजीपाशी जाऊ द्या, पोरीला आजीची माया लागती." सगळ्यांनी माना हलवल्या. दाजी गुडघ्यात डोकं घालून बसले होते, त्यांनी मान पण हलवली न्हाई.

मी उठलो. म्हणलं, "आई तर गेलीच. आता बहीणभावाला तरी तोडू नका!"

चुलते हसले. "तू कथा लिही बाळा. तुझं छान चाललंय."

आन् मी काय केलं? मी खाली बसलो, आक्का. आबांनी माझा हात धरून खाली ओढलं हे खरं, पण मी पण बसलोच की! मनू माझ्या खांद्यावर झोपली होती, तिला तशीच घेऊन आम्ही गाडीत बसलो. चौफुल्याला गाडी बदलताना ती जागी झाली आन् म्हणली, "ओम कुठल्या शीटवर हाय?"

तवापासनं हे रोज चालू हाय. मनू आता दुसरीत गेली. आता पहिलीपासनंच इंग्रजी हाय, तुला बघून बरं वाटलं असतं. दिवेलागण झाली की ती दप्तर ठेवती, ओसरीवर जाती, भिंतीकडं तोंड करून उभी राहती आन् ओरडती, "बॉक्स!" मग थांबती. मागनं कुणीच बोलत न्हाई. मग पुढचा शब्द, "लीफ!" परत थांबती. बरोबर तेवढाच वेळ थांबती, जेवढा तुझ्या पोरांना लागायचा. मग, "टूथ!"

आई चुलीपुढं बसून पदरात तोंड घालती. आबा उठून गोठ्यात जात्यात.

एकदा मी मागं बसून उत्तर दिलं, "बॉक्सेस!" ती वळली. "मामा, तू न्हाई. तुझा आवाज मोठा हाय." आन् परत भिंतीकडं वळली.

मी लिहिणारा माणूस, आक्का! मला वाटायचं, शब्द म्हंजी माझ्या हातातली वस्तू हाय. आन् सहा-सात वर्षांची पोरगी रोज माझ्यासमोर एकेक शब्द भिंतीवर फेकती, आन् मला तो झेलता येत न्हाई.

मी ओमला आणायला गेलो न्हाई असं समजू नकोस. गेलो, परत परत गेलो. "आठ दिवस तरी द्या, बहिणीला भेटू दे." तुझी सासू दारातनंच म्हणायची, "आत्ता कुठं रुळलंय पोरगं, परत घुसळू नका." दाजी कुरकुंभला कंपनीत डबल ड्युटी करायचे, घरी असले तरी नसल्यासारखे. ओम दाराआडनं बघायचा. मागच्या वेळी त्यानं मला "काका" म्हणलं. मामाएस न्हाई, मामा पण न्हाई. काका! मी तिथनं स्टँडपर्यंत कसा आलो ते मला आठवत न्हाई.

मग दाजींनी दुसरं लग्न केलं. आम्ही कुणी गेलो न्हाई. आई म्हणली, "त्या बाईचं नाव माझ्या दारात घ्यायचं न्हाई."

आन् परवा बुधवारी ती बाईच दारात उभी राहिली.

शोभा तिचं नाव. दुपारची वेळ, आबा रानात, मी ओसरीवर लिहीत बसलेलो. हातात पिशवी, मागं पदराला धरून ओम. दाजी बरोबर न्हाईत. न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरून, विचारत विचारत, एकटीच आली होती. चपला काढल्या, आत आली आन् आईच्या पाया पडायला वाकली. आईनं पाय मागं घेतले.

"कोण गं तू?"

"मी शोभा, आई. दौंडची. हे माझं पण माहेरच की."

"माझी एकच पोरगी होती. ती मेली. दुसरी कुठनं आली?"

शोभानं गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्याला तुझ्या नावाचा चांदीचा टाक होता, तोंड उठवलेली छोटी पट्टी. आपल्यात रीतच हाय, दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालती, आन् पहिलीचं माहेर ते तिचं माहेर. आईला ती रीत म्हाईत हाय. आजपर्यंत दुसऱ्यांच्या घरची बघितली होती एवढंच.

आईनं टाक हातात न घेता बघितला. "हे काय माझ्या पोरीचं तोंड हाय व्हय? हे तर कुणाचं पण असंल."

"सोनाराकडं एकच साचा हाय, आई," शोभा म्हणली. "सगळ्या बायांना तोच. मी म्हणलं, त्यांच्या नाकात मोरणी होती, फोटोत दिसती, तेवढी तरी काढ. तो म्हणला, एवढं बारीक निघत न्हाई. मी उठलेच न्हाई तिथनं. मग त्यानं टाचणीनं ठिपका मारून दिला. हे बघा."

आक्का, त्या टाकावर खरंच नाकापाशी एक ठिपका हाय. तुझ्यासारखं त्यात तेवढंच. आईनं बोट लावलं आन् मग ती मटकन खालीच बसली.

तेवढ्यात शाळा सुटली. मनू आली. दारातच थबकली. ओम शोभाच्या पदराआड गेला. एवढ्या महिन्यांनी समोरासमोर, आन् दोघं एकमेकांकडं परक्यासारखी बघत होती! मला वाटलं, संपलं. ह्यांचं पण संपलं.

मनूनं दप्तर ठेवलं. दिवेलागणीला लई वेळ होता, तरी ती भिंतीपाशी गेली, पाठ करून उभी राहिली. आन् लई हळू म्हणली, "बॉक्स."

पाण्याचा रांजण ठिबकत होता तेवढाच आवाज.

"एस!"

पदराच्या आतनं आला गं आवाज! मनू वळली न्हाई. नियम म्हंजी नियम. पण तिचे खांदे असे वर झाले! "लीफ!" "एस!" "चाइल्ड!" "एस!" "टूथ!" "एस!" ओम पदरातनं बाहेर, मग ओसरीच्या मधोमध, मग मनूच्या पाठीला चिकटून, मुठी आवळून, "एस! एस! एस!" सगळं चूक! एक सुद्धा बरोबर न्हाई! आन् मनूनं एकदा पण त्याला दुरुस्त केलं न्हाई.

शोभा रडायला लागली. मला म्हणली, "भाऊ, हेच. हेच करतं पोरगं. दिवे लागले की पुढच्या खोलीत बसतं आन् 'एस एस' करतं. आधी वाटलं, याडबिड लागलं का काय. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळली. मी सातवी शिकलेली. मला काय कळतंय? मी ताट म्हणते, वाटी म्हणते, तर गप्प बसतं. दौंडला शब्द टाकणारं कुणी न्हाई, भाऊ. मला पोरगी द्या."

इथं शब्द टाकणारी, उत्तर न्हाई. तिथं उत्तर देणारा, शब्द न्हाई. आन् मधी आम्ही सगळी शहाणी माणसं.

आई एकदम उठली. "व्हय, न्या! पोरगं सांभाळायला नेताय. भांडी घासायला नेताय. आज गोड बोलशील, उद्या तुझं तुला झालं की माझी नात मोरीत बसंल!"

"तसं झालं तर हा टाक माझ्या गळ्यातनं काढून घ्या," शोभा म्हणली. "चारचौघात घ्या."

आबा आले तवा ती निघायच्या बेतात होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी काढली, डोकं खाजवलं आन् माझ्याकडं बघितलं. "लेखक, तू बोल. तेराव्याला तूच उठला होतास ना? तवा मी तुला खाली बसवलं. आता न्हाई बसवत."

मी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. शोभा म्हणली, "रविवारी ह्यांना घेऊन येते." मग तिनं ओमला उचललं, तर तो मनूची वेणी सोडंना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते काम मी केलं, आक्का. माझ्या हातानं.

मी म्हणलं होतं ना, बहीणभावाला तोडू नका? म्हणलं होतं. पण माझ्या मनात ती दोघं इथं होती! आपल्या ओसरीवर! मनू गेली तर ह्या घरात तुझं काय उरणार? फोटो? मनूचं हसणं तुझं हाय, चिडणं तुझं हाय, जेवताना भाताचा पहिला घास बाजूला ठेवती ते तुझंच. ती गेली की तू परत एकदा जाणार. आईला हे सोसंल? मला सोसंल? मला न्हाई सोसणार. खरं सांगतो, न्हाई सोसणार.

आन् भीती! सासू तीच हाय. घर तेच. तू तिथं पिवळी पडत गेलीस आन् कुणी बघितलं न्हाई, त्याच घरात मी पोरगी द्यायची? शोभा चांगली वाटती. आज वाटती. उद्याचं कोण सांगणार? तू सांग! तुला आता सगळं दिसत असंल ना? मग एवढं एक तरी बोल की!

काल आबांच्या बरोबर कांद्याला पाणी धरत होतो. तुला ते आठवतं का, आपल्या खांडातली एक मेंढी मेली होती आन् कोकरू मागं राहिलं होतं? आबा दुसऱ्या दुभत्या मेंढीचा पाय खुंटीला बांधायचे आन् कोकरू तिच्याखाली लावायचे. ती लाथा मारायची. तू कोकराला पोटाशी धरून आबांना शिव्या द्यायचीस. आन् मग एक दिवस वाघरीच्या जाळीतनं तिसरीच मेंढी आपणहून आली, तिनं कोकराचा वास घेतला आन् गप उभी राहिली. आबांनी हातातली दोरी खाली टाकली. तुला म्हणले, "सोड आता. आपला हात मधी नको." तू सोडंनास. कोकरू तू जीव खाऊन धरलं होतंस. शेवटी आईनं तुझी बोटं सोडवली.

मी बांधावर उभा राहून आबांना म्हणलं, "आबा, ती मेंढी आठवती का?"

आबा लगेच म्हणले, "कालपासनं तीच डोळ्यापुढं हाय."

"पण आबा, मेंढीला सासू नसती!"

आबांनी फावडं टेकवलं. मला वाटलं हसतील. ते म्हणले, "म्हणून तर तुला मामा केलाय देवानं. दारात जाऊन बसायचं. हाकललं तर परत बसायचं."

शोभाला कुणी बांधून आणलं न्हवतं, आक्का. आपणहून आली. एकटी आली. मी रात-दिस उलटसुलट करून बघितलं, मला ह्याच्यापुढं जाता येत न्हाई.

आज सकाळी उठलो तर आईच्या पत्र्याच्या पेटीवर हिरवा खण काढून ठेवलेला, त्यावर नारळ. तुझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी शिरूरच्या बाजारातनं आणलेला खण हाय तो. तुझी ओटी भरायची राहून गेली होती.

तर ऐक. मी हो म्हणणार.

पण रविवारी दाजींनी मनूला न्यायचं न्हाई. मी नेणार. तिचं दप्तर माझ्या खांद्यावर, तिचा हात माझ्या हातात, चौफुल्याला गाडी बदलून मी तिला तुझ्या पुढच्या खोलीत सोडणार. आन् दर रविवारी दिवे लागायच्या आत मी तिथं हजर. शोभाला पण भिंतीपाशी उभी करणार. ताट न्हाई, वाटी न्हाई, तुझे शब्द तिच्या तोंडात बसेपर्यंत शिकवणार. मनू मोरीवर दिसली, तिचं पुस्तक पेटीत गेलेलं दिसलं, तर मी दारात बसणार, तुझी सासू हाकलंल तरी बसणार. चुलते हसले तर हसू दे. ह्या वेळी मला कुणी खाली ओढलं तर मी दारातच खाली बसणार, उंबऱ्यावर. उठणार न्हाई. तुला वचन देतो. लिहिणाऱ्याचं म्हणून न्हाई, मामाचं म्हणून.

ह्या घरात मात्र काय करायचं ते मला म्हाईत न्हाई. सोमवारी दिवे लागतील. आई चुलीपुढं असंल, आबा गोठ्यात. ओसरी मोकळी. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहीन आन् हळूच एक शब्द टाकीन.

थांबीन. तुझी पोरं थांबायची तेवढाच वेळ थांबीन.

उत्तर दे, आक्का. चुकीचं दिलंस तरी चालंल. नुसतं 'एस' म्हण.

तुझा धाकटा,
बाळ्या
(मामाएस)